घटपर्णीचा जमाखर्च

शहरांतील रोपवाटिकांत हल्ली एक टांगती कुंडी दिसू लागली आहे. तिच्यातील रोपाची पाने लांब आणि हिरवीगार असतात. प्रत्येक पानाच्या टोकातून एक बारीक तणावा निघतो आणि त्या तणाव्याला छोटासा घट लोंबत असतो. घटाला पोट आहे, काठ आहे, वर झाकणही आहे. कुंडीला लावलेल्या चिठ्ठीवर ‘कीटक खाणारे झाड’ असे लिहिलेले असते. मुलांना याहून मोठे आकर्षण ते कोणते असणार? हट्टाने ती कुंडी घरी येते. मग ज्या घरात पाणी गाळूनच पिण्याची रीत आहे आणि सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात, त्या घरातील आजी एक साधा प्रश्न विचारते, “जे झाड जीव मारून खाते, त्याला आपल्या हाताने पाणी घालायचे का रे बाळा?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वनस्पतीत जीव आहे हे जैन परंपरेने फार पूर्वीपासून मानले. विनाकारण पान तोडू नये, हिरव्या गवतावरून चालताना जयणा पाळावी, हे पाठशाळेतील लहान मुलालाही ठाऊक असते. वनस्पती एकेंद्रिय, तिला केवळ स्पर्श आहे. मुंगी त्रींद्रिय, तर माशी आणि डास चतुरिंद्रिय. म्हणजे येथे एका इंद्रियाचा जीव तीन-चार इंद्रियांच्या जीवांना आपला आहार बनवितो. नेहमीच्या उतरंडीत न बसणारी ही गोष्ट आहे. आजीच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे, तर चिठ्ठीवरचे चार शब्द पुरणार नाहीत. या वनस्पतीचे मूळ घर कोठे आणि तेथे तिचा निर्वाह कसा चालतो, हे आधी पाहावे लागेल.

मराठीत या कुळाला घटपर्णी म्हणतात. शास्त्रीय नाव निपेंथिस. तिच्या दीडशेहून अधिक जाती ज्ञात आहेत. बहुतेक जाती एखाद्या बेटापुरत्या किंवा एखाद्या डोंगरमाथ्यापुरत्या मर्यादित असतात. त्यांत एक जात मात्र दूरवर पसरली आहे, ती म्हणजे निपेंथिस मिराबिलिस. दक्षिण चीनचा किनारा आणि हाँगकाँग, व्हिएतनाम, कंबोडिया, थायलंड, म्यानमार, मलेशिया, इंडोनेशियाची बेटे, फिलिपीन्स, न्यू गिनी, ऑस्ट्रेलियाचे उत्तरेकडील केप यॉर्क आणि प्रशांत महासागरातील पलाऊपर्यंत ती आढळते. भारतात ती नैसर्गिकरीत्या उगवत नाही. पण मिरी, लवंग, जायफळ आणि चंदन घेऊन जुनी गलबते ज्या समुद्रांतून फिरली, जवळजवळ त्याच समुद्रांच्या काठांवर तिचे घर आहे.

त्या किनाऱ्यांवरील लोकांनी तिला दिलेली नावे मोठी बोलकी आहेत. मलय भाषेत ती ‘माकडाचे भांडे’ आहे. थायलंडमध्ये तिला माकडाचे भाताचे आणि कालवणाचे भांडे म्हणतात. चीनमध्ये डुकरे वाहून नेण्याच्या बांबूच्या पिंजऱ्यावरून तिचे नाव पडले आहे. इंडोनेशियात ती ‘सेमारची पिशवी’ आहे. सेमार हे तेथील छायानाट्यांतील लोकप्रिय पात्र. मलेशियात काही ठिकाणी तिच्या आणि तिच्या भावंडांच्या स्वच्छ केलेल्या घटांत चिकट तांदूळ भरून वाफवतात. यांतील एकाही नावात क्रौर्य नाही. जे लोक पिढ्यान्‌पिढ्या तिच्या शेजारी राहिले, त्यांना ती घरातील भांड्याकुंड्यांसारखीच वाटली.

युरोपीयांच्या लेखणीत ती आली तीही व्यापाराच्याच वाटेने. गेओर्ग रुम्फियस हा मूळचा जर्मन मनुष्य डच ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापारी अधिकारी म्हणून सतराव्या शतकात लवंगांच्या अंबोन बेटावर राहत होता. कंपनीचे हिशेब सांभाळता सांभाळता त्याने बेटावरील वनस्पतींची नोंद सुरू केली. १६७० साली त्याची दृष्टी गेली. १६७४ च्या भूकंपात पत्नी आणि मुलगी दगावल्या. १६८७ च्या आगीत त्याने जमविलेली बहुतेक चित्रे जळाली. पुन्हा तयार केलेले हस्तलिखित घेऊन निघालेले जहाज १६९२ मध्ये बुडाले. बटाव्हियात एक नक्कल ठेवलेली होती म्हणून ग्रंथ वाचला. रुम्फियस १७०२ मध्ये वारला आणि ग्रंथ छापला जाऊ लागला तो १७४१ पासून. त्या ग्रंथात घटपर्णीचे वर्णन आहे. घटात शिरलेले किडे मरतात, पण झिंग्यासारखा एक बारीक जीव त्यातच जिवंत राहतो, असे त्याने नोंदविले आहे. डोळे गेल्यानंतरही इतकी बारीक नोंद त्याच्या ग्रंथात उतरावी, याचे आश्चर्य वाटते. त्या जिवंत राहणाऱ्या जीवाकडे पुढे पुन्हा यावेच लागेल.

१७९० साली जुआँव द लोरेइरो या पोर्तुगीज धर्मोपदेशकाने व्हिएतनाममधील वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात या जातीला फिलाम्फोरा मिराबिलिस असे नाव दिले. फिलाम्फोरा म्हणजे पान आणि घट, अर्थात आपली घटपर्णीच. मिराबिलिस म्हणजे अद्भुत. दव साठविण्यासाठी घटाचे झाकण आपोआप उघडते आणि मिटते, असे त्याने लिहिले. ते चूक होते. घट एकदा पूर्ण वाढून उघडला, की झाकण पुन्हा मिटत नाही. झाकण खाडकन बंद होऊन किडा अडकतो, ही समजूत मात्र आजही घरोघरी ऐकू येते. १९१६ मध्ये ड्रूस या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने या जातीला निपेंथिस कुळात आणले. त्या कुळाचे नाव लिनियसने १७३७ मध्ये ग्रीक महाकाव्यातील दुःख विसरायला लावणाऱ्या औषधावरून ठेवले होते. लांबच्या प्रवासानंतर ही वनस्पती ज्याला दिसेल, तो आपले सारे कष्ट विसरेल, अशी त्यामागची कल्पना होती.

कष्ट नव्हे, पण तहान विसरविण्याचे काम तिने खरोखरच केले आहे. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा निसर्गशास्त्रज्ञ मलायातील ऑफिर पर्वत चढत असता त्याच्या मंडळींना वाटेत पाणी मिळेना. तेव्हा त्यांनी घटपर्णीच्या घटांतील पाण्यावर तहान भागविली. त्या पाण्यात किडे होते, असे तो प्रामाणिकपणे सांगतो. गाळलेल्या पाण्याचा नेम असलेल्या वाचकाच्या अंगावर हे वाचून काटा येईल. परंतु किडे होते म्हणूनच तो घट आपले काम बजावीत होता.

हे काम चालते कसे? घटाचे तोंड एका गुळगुळीत, बारीक रेघांच्या काठाने वेढलेले असते. झाकणाच्या आतील बाजूस आणि काठाजवळ गोड रस पाझरतो. त्या रसाच्या ओढीने मुंग्या येतात. हवा कोरडी असेल तेव्हा काठावर पाय धरून चालता येते. मुंगी रस चाखते, सुखरूप परतते आणि आपल्या साथीदारांना घेऊन येते. पाऊस पडला किंवा हवा दमट झाली, की काठावर पाण्याचा पातळ थर पसरतो आणि तोच काठ कमालीचा निसरडा होतो. मग एकाच वेळी अनेक मुंग्या घसरून आत पडतात. २०१५ मध्ये बोर्निओतील एका घटपर्णीवर झालेल्या अभ्यासात ही गोष्ट स्पष्ट झाली. सतत निसरडा राहणारा काठ फायद्याचा ठरत नाही. काही काळ चाखायला देणारा काठ अधिक मुंग्या मिळवितो. नमुन्याचा माल फुकट वाटण्याची युक्ती बाजारात माणसाने आणण्याच्या कितीतरी आधी ही वनस्पती वापरीत होती, असे कोणी व्यापारी म्हणाला तर ते अगदीच गैर ठरणार नाही.

आत पडलेल्या कीटकाला चढून वर येता येत नाही, कारण अनेक जातींत घटाच्या आतील भिंतीवर मेणाचा थर असतो. तळाशी पाचक रस असतो. हा रस म्हणजे केवळ साठलेले पावसाचे पाणी नव्हे. १८७४ साली जोसेफ हूकर यांनी बेलफास्ट येथील विज्ञानपरिषदेत आपले प्रयोग मांडले आणि घटपर्णी खरोखरच प्राणिज पदार्थ पचवून शोषते हे दाखवून दिले. पुढल्याच वर्षी चार्ल्स डार्विन यांचा कीटकभक्षी वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. आहारसंज्ञा सर्व जीवांना असते, असे आपल्याकडे सांगितले जाते. ती वनस्पतीतही किती सूक्ष्मपणे कार्य करते, याचे हे एक ठळक उदाहरण मानता येईल.

इतके कळल्यावर आजीची शंका दूर होण्याऐवजी वाढेलच. गोड रसाचे आमिष, निसरडा काठ, आत पाचक रस. हा तर पद्धतशीर घात झाला! पण चौकशी येथे थांबविली तर ती अर्धवट राहील. ही वनस्पती असे का करते, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर जमिनीत आहे.

मिराबिलिस वाढते ती दलदलीत, पाणथळ माळांवर, वालुकामय निकस रानांत, रस्त्याकडेच्या ओल्या उतारांवर. अशा जमिनीत पाण्याची वाण नसते, उन्हाची नसते. वाण असते ती नत्राची आणि स्फुरदाची. सतत झिरपणाऱ्या पाण्याने पोषणद्रव्ये वाहून गेलेली असतात. इतर झाडे मुळांनी जे मिळवितात ते येथे मुळांना मिळत नाही. म्हणून घटपर्णी आपल्या पानांचा एक भाग खर्ची घालते आणि त्याचे घट बनविते. हा खर्च लहान नसतो. पानाचे काम उन्हातून अन्न तयार करण्याचे. घटाकडून ते काम फारच थोडे होते. शिवाय घट घडविणे, रस पाझरविणे, पाचक द्रव्ये निर्माण करणे, हा सारा खर्च निराळाच.

टॉमस गिव्हनिश या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९८४ साली सहकाऱ्यांसह या व्यवहाराचा चक्क जमाखर्च मांडला. त्याचा निष्कर्ष असा, की कीटक पकडण्याचा खर्च भरून निघतो तो तीन गोष्टी एकत्र असतील तेथेच: भरपूर ऊन, भरपूर ओल आणि निकस जमीन. सावलीत हा धंदा तोट्याचा, कोरड्या जागी तोट्याचा, आणि सुपीक जमिनीत तर त्याची गरजच नाही. म्हणूनच समृद्ध, काळ्या मातीच्या शेतात कीटकभक्षी वनस्पती सापडत नाहीत. कुंडीतील घटपर्णीला मुळांतून भरपूर खत मिळू लागले, की ती पाने जोमाने वाढविते आणि घट बनविणे कमी करते, हेही अनुभवास येते. जे मुळांतून मिळाले, त्यासाठी ती सापळा मांडत नाही.

हा हिशेब पाहण्यासाठी परदेशी जाण्याचीही गरज नाही. साताऱ्याजवळील कास पठारावर पावसाळ्याच्या अखेरीस ‘सीतेची आसवे’ या निळ्या-जांभळ्या फुलांचे गालिचे पसरतात. त्या सुकुमार फुलांच्या रोपांना ओल्या मातीत बारीक फुगे असतात आणि त्यांत सूक्ष्म जलजीव अडकतात. त्याच पठारावर चिकट थेंबांनी चमकणारे दवबिंदूचे रोपही कीटक धरते. कातळावरची मूठभर माती, डोक्यावर ऊन आणि खाली साचलेले पाणी. तीच परिस्थिती, तोच जमाखर्च. सहकुटुंब कास पाहून आलेल्या कित्येकांना आपण कीटकभक्षी वनस्पतींच्याच मळ्यातून फिरून आलो, याची कल्पनाही नसते.

आता मिराबिलिस इतकी दूरवर कशी पसरली, हेही पाहण्यासारखे आहे. घटपर्णींमध्ये तिचे घट सर्वांत मोठे नाहीत, तिचे रंग सर्वांत देखणे नाहीत. बोर्निओच्या किनाबालू पर्वतावरील निपेंथिस राजा या जातीच्या घटात लिटरांनी द्रव मावतो. त्या राजाचे राज्य मात्र त्या पर्वताच्या परिसरापुरतेच आहे. मिराबिलिसच्या गरजा मोजक्या आहेत. ती समुद्रसपाटीला राहते आणि डोंगरउतारावरही राहते; दलदलीत उभी राहते तशी रस्त्याच्या नव्याने कापलेल्या कडेवरही रुजते. तिचे बी धाग्यासारखे बारीक आणि हलके असते, वाऱ्यावर सहज उडते. मोठ्या थाटाच्या जाती एकेका शिखराला चिकटून राहिल्या आणि जिने थोडक्यात भागविले तिला हजारो मैलांचा किनारा मिळाला. व्यापारी कुळांच्या पूर्वजांनी परमुलखात जाऊन भाड्याच्या खोलीत, एका कंदिलावर आणि दोन जोडी कपड्यांवर संसार मांडल्याच्या कहाण्या ज्या घरांत सांगितल्या जातात, तेथे ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

या कुळातील आणखी एक गोष्ट आजीला अवश्य सांगावी. घटपर्णीच्या सर्वच जाती कीटकांवर सारख्या अवलंबून नाहीत. निपेंथिस अँप्युलारिया ही मिराबिलिसची शेजारीण रानातील सावलीत जमिनीलगत घटांचा गालिचा पसरते. तिच्या घटांची तोंडे उघडी असतात आणि झाकणे मागे कललेली असतात. वरच्या झाडांची गळलेली पाने त्यांत पडून कुजतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिच्या पानांतील नत्राचा सुमारे एक तृतीयांश भाग या पालापाचोळ्यातून येतो. बोर्निओच्या डोंगरांवरील निपेंथिस लोवी या जातीचे मोठे घट झाडावर राहणाऱ्या चिचुंद्रीसारख्या एका प्राण्याला बसण्याजोगे असतात. तो प्राणी झाकणावरचा रस चाटतो, मागे विष्ठा टाकतो आणि त्यातून वनस्पतीला नत्र मिळते. निपेंथिस हेम्सलियाना हिच्या घटात लहान वटवाघळे दिवसा आश्रय घेतात आणि त्यांच्या विष्ठेवर ती पोसते. मारल्यावाचून निर्वाह साधेल तेथे निसर्गाने तीही वाट काढली आहे.

रुम्फियसने पाहिलेला तो जिवंत जीवही येथेच आठवावा. घट हे केवळ मृत्यूचे स्थान नव्हे. डासांच्या अळ्या, बारीक माश्यांच्या अळ्या आणि असंख्य सूक्ष्म जीव त्या द्रवात जन्मतात, वाढतात आणि बाहेर पडतात. काही घटांच्या काठाखाली खेकडाकोळी ठाण मांडून बसतो. एक घट म्हणजे त्या जीवांचे एक लहानसे गावच असते.

आता पुन्हा आजीच्या प्रश्नाकडे. जैन विचारात हिंसा ठरते ती केवळ प्राण गेल्यामुळे नव्हे; प्रमाद, म्हणजे कषायाने किंवा बेफिकिरीने केलेले आचरण, हे तिचे मूळ मानले आहे. एकेंद्रिय जीव असंज्ञी, म्हणजे मनरहित असतात. हित-अहिताचा विचार करून एक मार्ग सोडणे आणि दुसरा धरणे त्यांना शक्य नाही. घटपर्णीला दुष्ट म्हणणे जितके चुकीचे, तितकेच ‘निसर्गातही हिंसा आहे, मग माणसाने का टाळावी’ असे तिच्याकडे बोट दाखवून म्हणणेही चुकीचे. तिला निवड नाही. ज्याला निवड आहे, त्याने तिच्या आडोशाला उभे राहू नये.

म्हणून कुंडीच्या बाबतीत प्रश्न वनस्पतीच्या वर्तनाचा नसून माणसाच्या वर्तनाचा आहे. गंमत म्हणून मुंग्या आणि माश्या पकडून घटात टाकणे ही हिंसा आहे आणि ती झाडाची नव्हे, टाकणाऱ्याची आहे. झाडाला त्याची गरजही नसते. भरपूर उजेड, दमट हवा आणि कमी क्षारांचे पाणी मिळाले, तर ते कोणी काही न भरविता दीर्घकाळ जगते. रानातून उपटून आणलेले रोप विकत घेणे हीदेखील तशीच जबाबदारी आहे. भारतात घटपर्णीची एकच जात नैसर्गिकरीत्या वाढते, ती म्हणजे मेघालयातील निपेंथिस खासियाना. गारो लोक तिला भुताची टोपली म्हणतात. खाणकाम, जंगलतोड आणि संग्राहकांची हाव यांमुळे ती संकटात आली. धोक्यातील जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टात तिचा समावेश आहे. मिराबिलिससह इतर जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही नियंत्रण आहे. रोपवाटिकांत सहसा मिळतात ती संकरित, वाढवून तयार केलेली रोपे; तरीही ‘हे रोप कोठून आले?’ असे विचारण्यास संकोच करू नये.

हाच प्रश्न कुंडीपुरता न ठेवता दुकानापर्यंत नेला, तर तो अधिक जड होतो. सुमात्रा आणि बोर्निओच्या दलदलींत हजारो वर्षांच्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे कित्येक मीटर जाडीचे थर पाण्यात भिजून पडले आहेत. घटपर्णीच्या अनेक जातींचे हे माहेर. कालवे खणून तेथील पाणी काढून टाकले, की हे थर वाळतात. आग लागली, की जमिनीखालून आठवडेच्या आठवडे धुमसत राहतात. १९९० च्या दशकाच्या मध्यावर इंडोनेशिया सरकारने मध्य कालिमंतानमधील सुमारे दहा लाख हेक्टर दलदल भातशेतीसाठी सुकविण्याची योजना हाती घेतली. कालवे खणले गेले, भात मात्र आला नाही, आणि १९९७ मध्ये ती वाळलेली जमीन पेटली. २०१५ मध्येही इंडोनेशियातील अशाच आगींच्या धुराने सिंगापूर आणि मलेशियाचे आकाश काळवंडले. इतर पुष्कळ ठिकाणी दलदली सुकविल्या गेल्या त्या पामतेलाच्या मळ्यांसाठी आणि कागदाच्या लगद्याला लागणाऱ्या लाकडासाठी.

पामतेल जगात सर्वाधिक आयात करणारा देश भारत आहे. ते बिस्किटांत आहे, फरसाणात आहे, साबणात आहे, वनस्पती तुपात आहे. किराणा, खाद्यतेल, मिठाई यांच्या व्यवसायात असलेल्या कितीतरी घरांच्या वहीत ते रोज जमा होते आणि रोज खर्ची पडते. सर्वच पामतेल दलदलीतून येते असे नाही. ताडाच्या जातीचे हे झाड दर हेक्टरी जितके तेल देते तितके दुसरे कोणतेही तेलपीक देत नाही, हेही खरे आहे. त्यामुळे ‘पामतेल वर्ज्य’ एवढे म्हणून सुटका होत नाही. त्याच्या जागी येणाऱ्या पिकाला अधिक जमीन लागेल. प्रश्न माल कोणत्या जमिनीतून आला, हा आहे.

श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांची यादी वडीलधाऱ्यांना पाठ असते. त्या यादीत वनकर्म आहे, म्हणजे जंगलतोडीवर चालणारा धंदा. दवदान आहे, म्हणजे रानाला आग लावणे. सरःशोष आहे, म्हणजे तळी आणि जलाशय सुकविणे. शेकडो वर्षांपूर्वी ज्यांनी ही यादी केली, त्यांच्यासमोर बोर्निओ नव्हते. परंतु कालवे खणून दलदल सुकविणे आणि मग तिला आग लावणे या कृत्यांना आजही याहून नेमके शब्द सापडणार नाहीत. धंदा स्वतःच्या हाताने केला नाही, माल केवळ विकला, असे म्हणता येईल. पण करणे, करविणे आणि अनुमोदन देणे यांतील भेद आणि संबंध दोन्ही ज्या परंपरेने इतक्या बारकाईने तपासले, तिच्या अनुयायांना हे उत्तर पुरेसे वाटणार नाही.

यावर उपाय अवघड असला तरी अशक्य नाही. २००४ साली स्थापन झालेली आरएसपीओ ही संस्था मळ्यांची तपासणी करून पामतेलाला प्रमाणपत्र देते. मलेशिया आणि इंडोनेशिया या देशांच्या स्वतःच्या प्रमाणपत्र-पद्धतीही आहेत. त्या निर्दोष नाहीत, त्यांच्यावर टीकाही होते. पण घाऊक खरेदीदाराने पुरवठादाराला ‘माल प्रमाणित आहे का, कोणत्या मळ्याचा आहे?’ असे विचारणे ही पहिली पायरी तरी आहे. भाव, वजन आणि मुदत यांविषयी दहा प्रश्न विचारल्याशिवाय सौदा न करणाऱ्या व्यापाऱ्याला अकरावा प्रश्न विचारणे जड जाऊ नये.

तर आजीला काय सांगावे? झाडाला निःसंकोच पाणी घालावे, असेच सांगावे. ते निकस जमिनीचे रोप आहे आणि जमिनीने न दिलेले तेवढेच ते दुसरीकडून घेते. मुळांना मिळू लागले, की घट कमी करते. त्याला मुंग्या भरवू नयेत, त्याचे घट गंमत म्हणून तोडू नयेत, उजेडाच्या खिडकीशी त्याला टांगावे. नातवाला कास पठार दाखवावे आणि सीतेच्या आसवांखालचे ते बारीक फुगे समजावून सांगावेत. आणि संध्याकाळी दुकान बंद करून मुलगा घरी आला, की त्याच कुंडीखाली बसवून त्याला आजीनेच विचारावे, “तेलाचे डबे आले ना रे आज? कोणत्या जमिनीतून आले, विचारलेस का?”